झाडलेलं पाऊल

नेरूळच्या त्या घरात नियम एकच होता. दार झाडल्याशिवाय सूर्यानं उगवायचं नाही. सिडकोचं तळमजल्यावरचं घर, दारापुढं घोंगडीएवढं अंगण. पण पहाटे पाचला शकुबाई ते झाडणार, त्यावर सडा मारणार, चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढणार, आणि मग आजूबाजूच्या पारोशा दारांवरून नजर फिरवून, "उजाडलं तरी ओसाडच," एवढं स्वतःशी म्हणून चहाला आधण ठेवणार. तिचे मालक जोतीराम आधी मस्जिद बंदरला आणि मग तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहून आता घरी बसले होते. मुलगा रणजीत महाप्याच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला, सून मंजुषा बी.कॉम. झालेली मिळाली, नात सुनयना इंग्रजी शाळेत पाचवीला गेली. हे सगळं कशानं झालं, तर शकुबाईच्या मते दार झाडल्यानं.

१९९६ च्या नाताळात रणजीतनं जंगलात जायचं काढलं.

"त्यातनं बाहेर पडायला आमची चाळीस वर्षं गेली," शकुबाई म्हणाली. "आता भाड्याच्या गाडीनं परत आत जायचं?"

"आज्जी, माझ्या शाळेत जानेवारीत सायन्सचं प्रदर्शन आहे," सुनयना म्हणाली. "सगळ्या मुली थर्माकोलची पवनचक्की करणार. मी खऱ्या बिबट्याच्या पायाचा ठसा आणणार. प्लास्टरचा."

"बसलाय बिबट्या पाय धुऊन, तू येशील म्हणून."

पण ते जंगल पाटणच्या वरचं आहे, अभयारण्यातल्या बंगल्यात राहायचं आहे, हे कळलं तशी शकुबाईची मान सरळ झाली. पाटणचं खोरं म्हणजे तिचं माहेर. आता ही सहल रणजीतची उरली नाही, तिची झाली. तिनं चटणी कुटली, धपाटे केले, रांगोळीची पितळी डबी पिशवीत घातली, आणि शेवटच्या दिवशी कळलं की वाशीची विहीणबाई पण येतेय.

केशरबाई म्हणजे मंजुषाची आई. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. बोलताना वाक्याच्या शेवटी थांबायची, समोरच्यानं वहीत उतरवून घ्यावं तसं. शकुबाई दुसरी पास. त्यामुळं दोघी एका गाडीत म्हणजे पनवेल सोडायच्या आतच कुणाचं तरी काहीतरी निघणार हे जोतीरामांना माहीत होतं. ते मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसले.

"शकुबाई, मी जंगलावर दोन पुस्तकं वाचून आले," केशरबाई म्हणाल्या. "प्राणी दिसणं फार अवघड असतं म्हणे."

"ज्याला अवघड त्याला अवघड. आमी जनावरं पुस्तकात न्हाई बघितली, परड्यात बघितली." शकुबाई गाडीच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली. "नुसतं पाऊल दाखवा मला. जनावर कुठलं, नर का मादी, पोटात काय होतं, सगळं सांगीन."

"पोटात काय होतं ते पण?"

"ते पण."

जोतीरामांनी मागं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

पहिला दिवस शकुबाईचाच गेला. शिवराम नावाचा वनरक्षक, पन्नाशी उलटलेला, पायात टायरच्या चपला, सगळ्यांना घेऊन डोंगराच्या अंगानं फिरायला निघाला. तो बोट करायचा आणि त्याच्या आधी शकुबाई बोलायची. हा हिरडा. ही अंजनी, हिची फुलं निळी. ही वारुळाची माती अस्वलानं उकरलीय. वर शेकरू झाडावरून झाडावर गेलं, तेही तिनंच आधी दाखवलं. केशरबाईंच्या गळ्यात जावयानं आणून दिलेली दुर्बीण होती. ती डोळ्याला लावेपर्यंत शेकरू दुसऱ्या डोंगरावर.

"आक्का, तुमी तर हितल्याच की," शिवराम म्हणाला.

"मग काय कुर्ल्याची वाटले?"

सुनयना आजीचा हात धरून चालत होती आणि दर दहा पावलांवर मागं वळून आईला सांगत होती, "मम्मी, आज्जीला सगळं येतं." शकुबाईला वाटलं, प्रवासाचं सार्थक झालं. आता उद्या परत गेलो तरी चालेल.

संध्याकाळी ती बंगल्याच्या स्वयंपाकघरात शिरली, कारण तिथल्या खानसाम्याचं पिठलं तिला पिठलं वाटलं नव्हतं. ती चुलीपाशी असताना मागच्या फाटकाच्या आत सुनयना आणि शिवराम खाली बसून काम करत होते. पाणवठ्याकडं उतरणारी पायवाट त्या फाटकातून जायची. तिथं त्यांनी धुळीचा वाफा केला, दोन हात लांब, हातभर रुंद. खडे वेचून धूळ पसरली, फळीनं सारखी केली. दर वर्षी जनावरं मोजायची असली की वनरक्षक असेच वाफे करतात. रात्री जनावर त्यावरून गेलं की पाऊल जसंच्या तसं उमटतं. सकाळी त्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की दगडासारखा ठसा उचलायचा. सुनयनानं घरून आणलेलं प्लास्टर एका ठशापुरतं होतं. राहायचे दिवस तीन, रात्री दोनच.

जेवताना सुनयना हेच सगळं सांगत होती. पण तेव्हा केशरबाईंनी "आमच्याकडे पिठल्याला ओवा नाही घालत" असं म्हटलं होतं, आणि शकुबाई त्याला उत्तर शोधण्यात गुंतली होती. वाफ्याचं एक अक्षर तिच्या कानात गेलं नाही.

आता पुढं काय झालं ते कुणालाही कळेल.

पहाटे पाचला डोळा उघडला. परक्या ठिकाणी असलो म्हणून काय झालं, आपण जिथं निजलो ते आपलं दार. शकुबाईनं कोपऱ्यातली केरसुणी घेतली, बादली घेतली आणि पुढचं अंगण झाडून मागं आली. धुकं होतं. फाटकाच्या आत कुणीतरी माती पसरून ठेवलेली. गवंडी काम अर्धवट टाकून गेला असणार. आणि त्या मातीवरून कुत्र्याची पावलं गेलेली, चांगली आमटीच्या वाटीएवढी.

"मेलं कुत्रं," शकुबाई म्हणाली. "साहेबाच्या बंगल्यातबी सोडत न्हाई."

तिनं झाडलं. पाणी मारलं. माती इतकी मऊ, इतकी सारखी बसली की नेरूळच्या फरशीवर असली रांगोळी कधी उठली नसती. तिनं हौसेनं मधोमध कमळ काढलं आणि भोवतीनं गोपद्मं, गाईची पावलं, तेहतीस मोजून.

सात वाजता सगळे उठून आले. आधी मंजुषानं बघितलं आणि म्हणाली, "आई, किती सुरेख." शकुबाई म्हणाली, "असू दे गं, दार ओकं बरं दिसत न्हाई." तेवढ्यात सुनयना प्लास्टरची पिशवी छातीशी धरून आली, मागून शिवराम पाण्याचा तांब्या घेऊन. दोघंही एकदम थांबले.

शिवरामनं तांब्या खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"आक्का, ह्यो वाफा व्हता," तो म्हणाला. "पावलासाठी केल्याला."

मग केशरबाई बोलल्या, त्यांच्या त्या शांत आवाजात. "पावलं उमटलीत की शिवराम. तेहतीस. गाय आली होती."

रणजीत हसू आवरायला दुसरीकडं वळला. सुनयना हसली नाही, रडलीही नाही. रडली असती तर शकुबाईला काहीतरी करता आलं असतं, पदरानं डोळे पुसता आले असते. पोर नुसती त्या कमळाकडं बघत राहिली, आणि मग तिनं मान वर करून विचारलं, "आज्जी, तू झाडायच्या आधी काही होतं का?"

सगळ्यांनी शकुबाईकडं बघितलं. विहिणीनं तर चष्मा पुसून घेतला.

"काय नव्हतं," शकुबाई म्हणाली. "नुसती माती."

तिला ते खोटं वाटलंही नाही. कुत्र्याची पावलं, ती काय सांगायची. कुत्र्याला कोण विचारतं.

"मग काय बिघडलं न्हाई," शिवराम म्हणाला. "ह्या वाटंनं न्हाई आला म्हनायचा. आज खालच्या ओढ्याला वाफा करू. दोन मैल पडंल."

"तिकडं येईल?" सुनयनानं विचारलं.

"आला तर आला. दिवाळीच्या आदी आल्ता एकदा."

"आणि काल इथून गेला असता तर?"

"मग इचारायचंच न्हाई, आजबी हितंच वाफा क्येला असता. त्येची पान्याची वाट ठरल्याली आसती. चार-सा दिस तीच धरतो." शिवराम खाली बसला आणि काडीनं कोरड्या मातीत पाऊल काढून पोरीला दाखवायला लागला. "हे बग. पाऊल आसं गोल. पुढं चार बोटं. आनि नख न्हाई उमटत. कुत्रं, कोल्हं, तरस, ह्यांची नखं उमटत्यात. बिबट्या नखं आत घिऊन चालतो, तलवार म्यानात ठिवल्यावानी."

शकुबाई केरसुणी हातात धरून उभी होती. तिच्या डोळ्यापुढं पहाटेची माती आली. गोल पाऊल. चार बोटं. वाटीएवढं. नखं?

नखं नव्हती.

हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या बापानं गोठ्यामागं बोट धरून दाखवलं होतं. पण नेरूळला दहा वर्षं रोज पहाटे कुत्र्यांचीच पावलं झाडली, त्यामुळं बघायच्या आधीच हात चालला.

सकाळ सगळी तशीच गेली. रणजीत सगळ्यांना मचाणावर घेऊन गेला. समोरच्या उतारावर गवे चरत होते, सहा-सात, काळेकुळकुळीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. केशरबाईंना या वेळी दुर्बिणीतून दिसले आणि त्यांनी वर्गाला सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं. शकुबाई एक शब्द बोलली नाही. मंजुषानं दोनदा विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" खाली उतरताना सुनयनानं आजीचा हात धरला, पण आज ती झाडांची नावं विचारत नव्हती. दुपारी तिनं अर्धी भाकरी टाकली.

जेवणं झाल्यावर शकुबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर लसूण सोलायला बसली. खानसाम्यानं सांगितलं नव्हतं. तिनंच मागून घेतला होता.

जोतीराम येऊन शेजारी बसले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. बायको खोटं बोलली की लसूण सोलते. रणजीतच्या लग्नात सोन्याची पाटली हरवल्याचं लपवलं तेव्हा तीन किलो सोलला होता.

"किती हाय?" त्यांनी विचारलं. "गावजेवण घालायचंय का?"

शकुबाईनं चार पाकळ्या सोलल्या. "पाऊल व्हतं," ती खाली बघत म्हणाली. "मला कुत्र्याचं वाटलं."

"मला कशाला सांगतीस? मी काय वाफा करायला चाललोय?"

"ती हाय ना तिथं. बसलीय च्या पीत. लग्नं, बारशी, मयतं, धा वर्षं हेच सांगत फिरंल. म्हनंल, डोंगरातली म्हनवून घेती आनि बिबट्याला कुत्रं समजली."

"म्हनंल की," जोतीराम म्हणाले. "तिला दुसरं काय काम हाय. पण शिवराम आत्ता घमेलं घिऊन ओढ्याला निघालाय." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. तुर्भ्याला एक गोष्ट ते नेहमी सांगायचे, पोतं पाठीवर जड झालं तर ते चालून हलकं होत नाही, टाकूनच होतं. आता ते सांगितलं नाही. नुसते गेले.

शकुबाई लसणाची टोपली तशीच ठेवून अंगणात आली. सगळे तिथंच होते. केशरबाई खुर्चीत, रणजीत आणि मंजुषा चटईवर, सुनयना शिवरामच्या मागं फाटकाकडं निघालेली, खांद्याला पाण्याची बाटली.

"शिवराम, घमेलं ठेव खाली," शकुबाई म्हणाली.

तो थांबला.

"आला व्हता. हितनंच गेला, आतनं भायेर. पावलं मी बघितली आनि झाडली. मला वाटलं कुत्रं." तिनं एवढं एका दमात सांगितलं आणि पुढचं मात्र तिनं आयुष्यात कधी म्हटलेलं नव्हतं. "माझं चुकलं, सुनयना. सकाळीच सांगायला पायजे व्हतं."

मंजुषाच्या हातातला कप तसाच राहिला. सासूच्या तोंडून हे वाक्य तिनं बारा वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकल्यावर कुठं बघावं हेच तिला कळेना.

केशरबाईंनी मात्र कप नीट बशीत ठेवला. "शकुबाई," त्या म्हणाल्या, "पोटात काय होतं ते नाही सांगितलंत."

शकुबाईला उत्तरं चार सुचली, चारही चांगली होती. तिनं चारही गिळली. हीच तिची खरी शिक्षा होती.

सुनयना मात्र धावत आली. "नखं नव्हती ना, आज्जी? नक्की? केवढं होतं?"

"आमटीच्या वाटीएवढं. आन नख एकबी न्हाई. उजवा पाय जरा तिरका टाकतो बघ त्यो. तुज्या आजोबासारखा."

"मग तर हितंच," शिवराम म्हणाला, आणि घमेलं घेऊन वळला.

ओली माती सगळी खरवडून टाकायला लागली. शिवराम रस्त्यावरच्या पुलाखालून कोरडी धूळ घेऊन आला. त्याची चाळणी वाळूची, मोठ्या भोकांची. शकुबाईनं धूळ चिमटीत घेऊन बघितली आणि नाक मुरडलं. "ह्यात बोटं कशी उठतील? ही काय तांदळाची कणी हाय?" ती आत जाऊन खानसाम्याची पिठाची चाळण घेऊन आली. खानसामा मागं मागं येत होता, पण तिच्या तोंडाला लागायची त्याची हिंमत झाली नाही. ती फतकल मारून बसली आणि चाळायला लागली. थोड्या वेळानं केशरबाई खुर्ची सोडून खाली आल्या, पदर खोचला आणि फळी हातात घेतली.

"तुमी कशाला," शकुबाई म्हणाली, "हात मळतील."

"तीस वर्षं खडूची धूळ खाल्लीय, शकुबाई. ही तर बरी आहे."

वाफा असा झाला की शिवराम म्हणाला, आक्का, दर साली गणतीला येत जा. सगळं झाल्यावर शकुबाई तिथंच घुटमळली. दिवेलागण झाली होती आणि दारात काहीच नाही, नुसती माती.

"सुनयना," ती हळूच म्हणाली, "चिमूटभर कुंकू टाकू का? कडंला. देवाचं जनावर हाय."

सुनयनानं शिवरामकडं बघितलं. शिवराम म्हणाला, "टाका. आमीबी टाकतो, साहेब नसल्यावर."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला शकुबाईचा डोळा उघडला आणि हात कोपऱ्यात गेला. केरसुणी नव्हती. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर बसता येत नाही की तिला लपवून पायाखाली टाकता येत नाही. म्हणून जोतीरामांनी ती उशाशी घेतली होती आणि तिच्यावर हात ठेवून ते घोरत होते. शकुबाई बाहेर पडवीत आली आणि पायरीवरच बसून राहिली. समोर अंगणात पालापाचोळा पडलेला. रात्री कुणीतरी शेंगांची टरफलं टाकलेली. तिचे हात नुसते शिवशिवत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर सूर्य उगवत होता आणि दार पारोसं होतं. तो बिनतक्रार उगवला, ह्याचंच तिला नवल वाटलं.

उजाडलं तशी सुनयना आली, उघड्या पायानं. "बघितलंस?"

"मी कशाला बघू? तुझा वाफा हाय. तू बघ."

पोर गेली. फाटकापाशी वाकली. मग तिथूनच तिनं हात वर करून बोलावलं, तोंडातून आवाज न काढता, जणू तो अजून तिथंच कुठंतरी ऐकत होता.

तीन पावलं होती. आतून बाहेर, पाण्याकडं. उजवं जरा तिरकं. पहिलं पाऊल नेमकं कुंकवावर पडलं होतं. शिवरामनं प्लास्टर कालवलं, सुनयनानं ते तिसऱ्या पावलात ओतायला घेतलं, आणि मग थांबून पहिल्यात ओतलं.

केशरबाई दुर्बीण न लावता वाकून बघत होत्या. "काय हो शकुबाई," त्या म्हणाल्या, "नर की मादी?"

"नर," शकुबाई म्हणाली. "मादी असती तर जाताना टरफलं उचलून गेली असती."

केशरबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

जानेवारीत नेरूळच्या शाळेत प्रदर्शन भरलं. थर्माकोलच्या पवनचक्क्या अकरा होत्या, बिबट्याचा ठसा एक. पांढऱ्या प्लास्टरवर एका बोटापाशी लाल डाग राहिला होता. तो खरवडायला सुनयनानं कुणाला दिलं नाही. तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं, हे लाल काय, तर तिनं सांगितलं, "कुंकू आहे, मॅडम. आमच्या आज्जीनं लावलं." ठशाखाली पुठ्ठ्यावर तिनं मराठीत लिहिलं होतं. शकुबाई एकेक अक्षर लावून वाचत होती, ओठ हलवत. ठसा घेतला, सुनयना रणजीत. मदत, शिवराम वनरक्षक. पाऊल ओळखलं, शकुबाई जोतीराम, दुसऱ्या खेपेला.

"ते शेवटचं कशाला लिहिलंस?" शकुबाईनं विचारलं.

"सायन्स आहे आज्जी. जे झालं तेच लिहायचं."

शकुबाईनं पदर सारखा केला आणि ठशाशेजारी जाऊन उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिनं सगळी हकिकत स्वतःच सांगितली, कुत्र्यापासून. विहिणीच्या आधी आपण सांगितलेलं बरं.

त्यानंतर दोन दिवसांनी, पहाटे पाचला, ती नेरूळच्या दारात केरसुणी घेऊन उभी राहिली. शेजारी कुणाचंतरी बांधकाम चाललं होतं, त्याची धूळ रात्रीतून अंगणभर बसली होती. त्यावरून पावलं गेलेली, गेटपासून थेट कचऱ्याच्या डब्यापर्यंत.

शकुबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकली. नीट बघितलं. अजून खाली वाकून बघितलं.

नखं होती.

मग झाडलं.